डव्हटेल सांधा आणि त्याचे बिट

लाकडी कपाटाची पारख करावयाची झाली म्हणजे जाणता माणूस दर्शनी फळीवरच्या पॉलिशकडे फारसे पाहत नाही. तो एखादा खण बाहेर ओढतो आणि त्याचा कोपरा न्याहाळतो. दर्शनी फळी आणि बाजूची फळी जेथे भेटतात, तेथे नुसते खिळे मारलेले असले, तर चार पावसाळ्यांनंतर त्या खणाची काय अवस्था होईल, हे त्याला सांगावे लागत नाही. खण रोज ओढला जातो, आणि प्रत्येक वेळी हात दर्शनी फळीलाच ओढत असतो. खिळा त्या ओढीच्याच दिशेने हळूहळू निसटतो. उलट त्याच कोपऱ्यात दोन्ही फळ्यांचे दात एकमेकांत गुंतलेले असले, आणि ते दात टोकाकडे पसरत गेलेले असले, तर ओढीने सांधा सुटत नाही. तो अधिकच आवळला जातो. पारव्याच्या पसरलेल्या शेपटासारखा दिसणारा हा सांधा म्हणजेच डव्हटेल सांधा होय. प्राचीन इजिप्तमधील लाकडी वस्तूंतही तो आढळतो. हजारो वर्षे माणसाने तो करवत आणि पटाशी यांच्या बळावर घडविला.

आता त्याच सांध्यासाठी विजेवर चालणारे राऊटर नावाचे हत्यार आणि जिग नावाचा धातूचा साचा सुताराच्या हाती आला आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे आर. एल. कार्टर याने हातात धरून चालविण्याचे असे विद्युत् हत्यार बनविले. तेव्हापासून त्याच्या अनेक पिढ्या होऊन गेल्या. आज त्याचे लहान रूप तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातही मिळते. परंतु राऊटर हा केवळ फिरविणारा आहे. कापणारे असते ते त्याच्या तोंडात बसविलेले बिट. डव्हटेल सांधा उत्तम साधेल की बिघडेल, हे बव्हंशी या अंगठ्याएवढ्या पोलादी तुकड्याच्या निवडीवर अवलंबून आहे.

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरातील कारखान्यांचा नाही. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात सातपुड्याच्या कुशीत धूलकोट हे गाव आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड जिल्ह्यातून बऱ्हाणपूर हा जिल्हा वेगळा झाला. त्याची दक्षिण सीमा खानदेशाला भिडलेली आहे. म्हणूनच निमाडीच्या शेजारी मराठीही येथे घरोघर नांदते. या डोंगरांत साग आहे, सलई आहे, धावडा आहे आणि कुऱ्हाडीची धार परतविणारा अंजनही आहे. याच जंगलातील सलई आणि बांबू यांच्या भरवशावर जवळच नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला आणि १९५६ साली पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. मात्र जंगल जवळ आहे, म्हणून लाकूड फुकट आहे, असे मानण्याचे दिवस कधीच संपले. २०२२ आणि २०२३ या वर्षांत बऱ्हाणपूरच्या वनांतील बेकायदा तोडीच्या वार्ता देशभर पोचल्या. सरळ मार्गाने घ्यावयाचा साग वनविभागाच्या आगारातून लिलावाने निघतो, व्यापाऱ्याच्या वखारीत येतो आणि मग सुताराच्या हाती पडतो. त्या फळीला चुकीच्या बिटाने एक ओरखडा गेला, तर बिटाच्या किमतीच्या कितीतरी पट नुकसान होते. तेव्हा धूलकोटसारख्या गावच्या सुताराला बिटाची निवड म्हणजे हौस नव्हे. तो त्याच्या पोटाचा आणि प्रसंगी बोटांचाही प्रश्न आहे.

निवडीचा पहिला विचार दांड्याचा. बिटाचा जो गुळगुळीत गोल भाग राऊटरच्या कॉलेटमध्ये आवळला जातो, तो दांडा. बाजारात तो सहा मिलिमीटर, पाव इंच, आठ मिलिमीटर, बारा मिलिमीटर आणि अर्धा इंच अशा जाडींत मिळतो. येथेच सर्वांत फसवी चूक घडते. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सहा मिलिमीटरचा दांडा पाव इंचाच्या कॉलेटमध्ये सहज शिरतो, आवळल्यावर घट्ट बसल्यासारखाही वाटतो; परंतु कॉलेटची पकड त्याला चहूबाजूंनी मिळत नाही. मिनिटाला वीस हजार फेरे घेणारे बिट अशा अर्धवट पकडीतून काम चालू असतानाच खाली सरकते. मग सांध्याची खोली बिघडते, आणि नशीब फिरले तर बिटच बाहेर फेकले जाते. म्हणून राऊटरबरोबर आलेले कॉलेट नेमके कोणत्या मापाचे आहे, ते त्यावर कोरलेल्या आकड्यावरून वाचावे, आणि दुकानदाराच्या ‘चालून जाईल’ या शब्दावर विसंबू नये. दांडा कॉलेटमध्ये पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यावा आणि मग आवळावा. तळाला टेकलेला दांडा आवळताना नीट बसत नाही.

दांडा जितका जाड तितका तो कमी वाकतो, आणि हा फरक डोळ्यांना वाटतो त्याहून फार मोठा आहे. गोल सळईचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. पाव इंचाच्या दांड्याशी तुलना केली तर आठ मिलिमीटरचा दांडा सुमारे अडीचपट ताठ असतो आणि अर्ध्या इंचाचा सोळापट. बिट थरथरले की सांध्याच्या गालावर लाटा उमटतात. अशा गालांवर सरस पुरेसा धरत नाही. तरीही प्रत्येक ठिकाणी जाडच दांडा चालेल, असे नाही. पुष्कळ जिगांत राऊटरच्या तळाला धातूची एक छोटी नळी बसवावी लागते. तिला गाइड बुश म्हणतात. साच्याच्या फणीला टेकून चालते ती ही नळी, आणि बिटाचा दांडा तिच्यातून खाली उतरतो. नळीचे भोक लहान असेल तर अर्ध्या इंचाचा दांडा तिच्यातून जाणारच नाही. अशा वेळी, राऊटर तेवढे मोठे असेल तर, आठ मिलिमीटरचा दांडा हा चांगला मध्यम मार्ग ठरतो. लहान राऊटरवाल्याला पाव इंचावर किंवा सहा मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. त्याने आपला वेग आणि घास, दोन्ही आटोक्यात ठेवावे.

दुसरा विचार कोनाचा. डव्हटेल बिट टोकाशी रुंद आणि दांड्याकडे अरुंद असते. त्याची बाजू जितकी तिरपी, तितका त्याचा कोन मोठा. सात, आठ, नऊ आणि चौदा अंशांची बिटे विशेष प्रचारात आहेत. हाताने सांधा करणाऱ्या जुन्या कारागिरांचा संकेत असा की, मऊ लाकडात सहास एक आणि कठीण लाकडात आठास एक एवढा उतार द्यावा. अंशांत सांगावयाचे तर पहिला साडेनऊच्या आसपास आणि दुसरा सातहून किंचित अधिक. मग चौदा अंशांचे बिट आले कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर सांध्याच्या प्रकारात आहे.

डव्हटेलचे मुख्य प्रकार दोन. एकात दात दोन्ही बाजूंनी आरपार दिसतात. पेटीच्या कोपऱ्याला तो शोभतो. दुसऱ्यात दात दर्शनी फळीच्या आतच लपतात आणि समोरून ती फळी अखंड दिसते. खणाला हाच योग्य. लपलेल्या सांध्यात दातांची लांबी थोडी, बहुधा नऊ-दहा मिलिमीटरच असते. एवढ्या आखूड दातात आठ अंशांचा तिरपेपणा फार थोडा गुंता देतो. म्हणून तेथे चौदा अंश वापरतात. आरपार सांध्यात मात्र बिटाला समोरच्या फळीच्या पूर्ण जाडीएवढे खोल जावे लागते, आणि तेथे चौदा अंश घातक ठरतात. याचा हिशेब साधा आहे. टोकाशी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंद असलेले चौदा अंशांचे बिट एकोणीस मिलिमीटर खोल कापावयाचे म्हटले, तर त्याची कंबर जेमतेम सव्वातीन मिलिमीटर उरेल. तेवढी बारीक कंबर सागाचा पहिलाच घास घेताना मोडेल. त्याच मापाचे आठ अंशांचे बिट घेतले, तर कंबर सव्वासात मिलिमीटरांहून थोडी अधिक राहते, आणि काम निभावते. म्हणून आखूड, लपलेल्या सांध्याला चौदा अंश आणि खोल, आरपार सांध्याला सात किंवा आठ अंश, असा नियम पडला आहे. तो रूढीने नव्हे, तर पोलादाच्या ताकदीने ठरविलेला आहे.

याच ओघात कापणाऱ्या धारेच्या लांबीचाही विचार येतो. आरपार सांध्यात धारेची लांबी समोरच्या फळीच्या जाडीहून थोडी अधिकच हवी. अठरा मिलिमीटर जाडीच्या फळीसाठी बारा मिलिमीटर धारेचे बिट घेणे म्हणजे आखूड दोराने विहिरीचे पाणी काढावयास निघण्यासारखे आहे. उलट गरजेपेक्षा फार लांब बिट घेतले, तर ते निष्कारण थरथरते.

तिसरा विचार धातूचा, आणि सागाच्या मुलखात हा विचार सर्वांत महत्त्वाचा. बिटे दोन प्रकारची असतात: हायस्पीड पोलादाची आणि कार्बाइडची धार झाळलेली. कार्बाइड म्हणजे टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाचे अतिकठीण कण कोबाल्टने बांधलेले द्रव्य. १९२० च्या दशकात जर्मनीत ते सिद्ध झाले आणि क्रुप कंपनीने ‘विडिया’ या नावाने ते बाजारात आणले. हिऱ्यासारखे, असा त्या नावाचा भावार्थ. आपल्याकडील लेथवरचे कामगार आजही कोणत्याही कार्बाइडला विडियाच म्हणतात. हायस्पीड पोलाद स्वस्त असते आणि त्याला वस्तऱ्यासारखी तीक्ष्ण धार येते. आंब्यासारख्या लाकडात ते छान चालते. परंतु सागाच्या पोटात बारीक रेतीचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो. ज्याने सागावर रंधा मारला आहे, त्याला पाते किती लवकर बोथटते, हे ठाऊक आहे. हाच अंश हायस्पीड बिटाची धार थोड्याच वेळात खाऊन टाकतो. बोथट बिट कापत नाही, घासते. घासले की तापते. तापले की लाकूड काळे पडते आणि धारेचे पाणी उतरते. म्हणून सागासाठी, अंजनासाठी, शिसवीसाठी कार्बाइडच घ्यावे. चार खणांचे एक कपाट म्हटले तरी सोळा कोपरे होतात, आणि प्रत्येक कोपऱ्यात पाच-सहा दात. एवढे काम एका धारेवर एकसारखे उतरावयास हवे.

कार्बाइडची दोन दुखणी मात्र ध्यानात ठेवली पाहिजेत. ते कठीण आहे, तसेच ठिसूळही आहे. फरशीवर पडले किंवा डब्यात इतर बिटांशी आपटले, तर धारेचा कण उडतो, आणि तेवढ्या एका कणाची रेघ पुढे प्रत्येक दाताच्या गालावर उमटत राहते. दुसरे असे की, ते पुन्हा परजावयाचे, तर हिऱ्याचे दगड लागतात. घेताना कार्बाइडची पट्टी पुरेशी जाड आहे ना, झाळणीत कोठे पोकळी नाही ना, दोन्ही धारा एकाच उंचीवर आहेत ना, हे उजेडात धरून पाहावे.

परजण्याचा एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही. डव्हटेल बिट परजले की त्याची रुंदी घटते, आणि रुंदी घटली की सांधा बिघडतो. एरवीचे सरळ बिट थोडे झिजले तर खाच तेवढीच अरुंद होते. डव्हटेलमध्ये मात्र एकच बिट दोन्ही फळ्या कापते. रुंदी दहाव्या हिश्शाने, म्हणजे ०.१ मिलिमीटरने कमी झाली, तर एका फळीतील खाच तेवढी अरुंद होते आणि दुसऱ्या फळीतील दात तेवढाच जाड होतो. एकूण सांधा ०.२ मिलिमीटरने आवळतो. सागात एवढा आवळपणा मोगरीच्या ठोक्याने फळी चिरावयास पुरेसा आहे. परजलेले बिट बसविल्यावर पूर्वीच्या मापावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे.

येथे जिगचा मुद्दा येतो. जिग म्हणजे फणीसारखे दात असलेली धातूची पट्टी आणि फळ्या पकडणारी चौकट. लपलेल्या सांध्याच्या जिगमध्ये बाजूची फळी उभी आणि दर्शनी फळी आडवी धरतात, आणि राऊटर एकाच फेरीत दोन्ही कापतो. फणीच्या दातांमधले अंतर कारखान्यात ठरलेले असते; ते सुताराला बदलता येत नाही. म्हणून अशा जिगला कोणतेही डव्हटेल बिट चालत नाही. बिटाची रुंदी, बिटाचा कोन, बुशचा बाहेरचा व्यास आणि फणीचे अंतर हे चौघे एका कुटुंबातले आहेत. एकाला बदलले की दुसरे रुसतात. पुष्कळ प्रचलित जिगांचे माप अर्धा इंच रुंदीचे आणि चौदा अंशांचे बिट धरून बेतलेले असते. पण ते गृहीत न धरता जिगच्या पुस्तिकेतील आकडे वाचून त्याप्रमाणेच बिट मागावे. काही जिगांत बुश न वापरता बिटाच्या दांड्यावरच छोटे बेअरिंग असते. तेथे बेअरिंगचा व्यास हे जणू बुशचेच माप समजावयाचे.

मग सुताराच्या हाती उरते काय? त्याच्या हाती उरते ती खोली. लपलेल्या सांध्यात बिट किती खाली उतरवावयाचे, यावरच सांध्याचा घट्टपणा ठरतो, आणि तो नियम प्रथमदर्शनी उलटा वाटतो. बिट खोल नेले की सांधा घट्ट होतो. वर घेतले की सैल होतो. याचे कारण बिटाच्या आकारात आहे. बिट जितके खोल, तितका लाकडाच्या पृष्ठभागाशी त्याचा अरुंद भाग येतो. म्हणून उभ्या फळीच्या टोकाशी दोन खाचांमधला दात अधिक रुंद उरतो. आडव्या फळीतील खाचेचा तळ मात्र बिटाच्या टोकाएवढाच राहतो. रुंद झालेला दात त्याच तळात बसवावयाचा, म्हणून तो घट्ट होतो. चौदा अंशांच्या बिटात खोली एक मिलिमीटरने वाढविली, की दात सुमारे अर्ध्या मिलिमीटरने रुंदावतो. म्हणजे सांध्यात ०.१ मिलिमीटर ढिलाई आढळली, तर खोली ०.२ मिलिमीटरने वाढवावी. मघाच्या परजलेल्या बिटाचा आवळपणा काढावयाचा, तर खोली ०.४ मिलिमीटरने कमी करावी. आठ अंशांच्या बिटात एका मिलिमीटरला पाव मिलिमीटरहून थोडाच अधिक फरक पडतो. हा हिशेब ज्याने एकदा समजून घेतला, त्याचे चाचणीचे तुकडे निम्म्याने वाचतात.

सांधा घट्ट झाला, पण बाजूची फळी दर्शनी फळीच्या काठाबाहेर राहिली किंवा आत बुडाली, तर तो दोष बिटाचा नसतो. तेथे फणीची पट्टी पुढे किंवा मागे सरकवावी लागते. घट्टपणासाठी खोली आणि सपाटीसाठी पट्टी, ही दोन दुरुस्त्यांची वाटणी मनात पक्की असली, म्हणजे एकाच्या दोषासाठी दुसऱ्याला फिरविण्याची पाळी येत नाही. आरपार सांध्याच्या जिगांची रीत थोडी निराळी. तेथे शेपटाचे दात डव्हटेल बिटाने आणि त्यांच्या जोडीचे दात सरळ बिटाने कापतात, आणि घट्टपणा जोडीच्या दातांची पट्टी मागेपुढे करून साधतात. अर्थात अशा जिगसाठी दोन बिटे घ्यावी लागतात, आणि तीही जिगने सांगितलेल्या मापाचीच.

बिट योग्य निवडले, तरी त्याच्या स्वभावाला धरून चालविले नाही, तर ते दगा देते. सरळ बिट थोडे थोडे खोल नेता येते. डव्हटेल बिटाला ती मुभा नाही. टोकाशी रुंद असल्याने त्याला पहिल्याच फेरीत पूर्ण खोलीवर जावे लागते. म्हणून जाड किंवा कठीण फळीत आधी बारीक सरळ बिटाने किंवा करवतीने खाचेतील लाकडाचा मोठा भाग काढून घ्यावा आणि डव्हटेल बिटाला शेवटचा आकार देण्याचे काम ठेवावे. राऊटर कधीही वर उचलू नये. बिट फिरत असताना राऊटर उचलला, तर बिटाचा रुंद भाग सांधाही कापतो आणि फणीलाही धडकतो. कापून झाले की राऊटर पाठीमागे ओढून फळीबाहेर आणावा, यंत्र बंद करावे, फिरणे पूर्ण थांबू द्यावे, आणि मगच हलवावा. सागाचे तंतू बिट बाहेर पडताना फाटतात. ते टाळण्यासाठी उभ्या फळीच्या दर्शनी काठावरून प्रथम उजवीकडून डावीकडे एक अगदी हलकी फेरी घ्यावी, आणि मग नेहमीप्रमाणे डावीकडून उजवीकडे एकेका खाचेत जावे. कडेच्या दातामागे टाकाऊ लाकडाची पट्टी धरली, तर कोपरा उडत नाही.

खेड्यातील विजेचाही येथे संबंध येतो. दाब कमी झाला की लहान राऊटरचा वेग उतरतो, आणि तोच घास त्याला जड जातो. संध्याकाळी सर्वत्र दिवे लागले की यंत्राचा आवाज जड होतो. त्याकडे कानाडोळा करू नये. डव्हटेलसारखे एका फेरीत पूर्ण खोलीचे काम वीज भरपूर असेल अशा वेळी करावे. खुणा, चाचणी आणि जुळवाजुळव मागाहून करता येते. सागाचा भुगा पुष्कळांच्या कातडीला आणि श्वासाला बाधतो. लाकडाची धूळ दीर्घकाळ फुप्फुसांत जाणे कर्करोगाला निमंत्रण देणारे आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनेही ठरविले आहे. तोंडाला फडके, डोळ्यांना चष्मा आणि ढिल्या बाह्यांना आवर, एवढे तरी झालेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट सागाच्या तेलाची. ताज्या कापलेल्या गालावर सरस चांगला बसतो. कापून आठवडाभर ठेवलेल्या गालावर तेल उतरते आणि पकड कमी होते. म्हणून सांधा कापला की लवकर जोडावा, आणि उशीर झालाच तर गाल थिनरने पुसून घ्यावे. १९५९ पासून फेव्हिकॉलसारखा पांढरा सरस आपल्याकडे आला आणि शिजवलेल्या सरसाची कटकट संपली. तथापि कोणताही सरस हा सांध्याचा साहाय्यक आहे, त्याचा पर्याय नव्हे. दात नीट कापलेले असतील, तर सरस फक्त त्यांना निश्चल ठेवतो. ओढ सहन करतात ते दातच.

प्लायवुडच्या फळीला डव्हटेल लावावे काय, असेही पुष्कळदा विचारले जाते. प्लायचे थर आडव्या-उभ्या रेषांचे असल्यामुळे तिरप्या दाताची कड सहज तुटते, आणि एमडीएफमध्ये तर लाकडाच्या सलग रेषाच नसल्याने ती भुरभुरते. तेथे सरळ बिटाने कापलेला पेटीचा सरळ दातांचा सांधा अधिक प्रामाणिक. डव्हटेल ही सलग लाकडाची ठेव आहे.

बाजारात जाताना सुताराने आपल्यापाशी पाच आकडे लिहून न्यावेत: कॉलेटचे माप, बिटाची रुंदी, कोन, धारेची लांबी आणि बुशचा व्यास. दुकानात बिटाचा कागदी वेष्टनावरील आकडा आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजलेली रुंदी जुळते का, ते पाहावे. शक्य असेल तर एकाच मापाची दोन बिटे घ्यावीत. एक रोजच्या कामाला आणि दुसरे राखून. काम अर्ध्यावर असताना बिट मोडले, तर धूलकोटहून बऱ्हाणपूरला जाण्यात एक दिवस मोडतो, आणि तेथे मिळालेले बिट एखाद्या अंशाने निराळे निघाले, तर उरलेले खण आधीच्या खणांशी जुळत नाहीत. नवे बिट बसविल्यावर त्याच जाडीच्या टाकाऊ फळीवर आधी एक कोपरा करून पाहावा. तो हाताच्या दाबाने अर्धा बसला आणि मोगरीच्या हलक्या ठोक्याने पूर्ण बसला, म्हणजे बिट, बुश आणि फणी यांचे सख्य जमले. तो तुकडा फेकून न देता त्यावर खोलीचे माप पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुढच्या कपाटाच्या वेळी तोच तुकडा पहिली चाचणी वाचवितो.

जिगमुळे हातांचे कसब संपले, अशी हळहळ कोठे कोठे ऐकू येते. हाताने कापलेल्या सांध्यात दातांची रुंदी कमीजास्त ठेवता येते आणि त्यात एक जिवंतपणा असतो, हे खरेच आहे. पटाशी ज्याने हातची सोडली नाही, त्याच्यापाशी जिग बिघडला तरी काम अडत नाही. परंतु राऊटरलाही डोळा आणि हिशेब लागतो. फरक एवढाच की, पूर्वी ते कसब करवतीच्या प्रत्येक फेरीत होते. आता ते यंत्र सुरू करण्यापूर्वीच्या निवडीत एकवटले आहे. सातपुड्यात साग भराला यावयास माणसाचे सारे आयुष्य जाते. त्याच्या एका फळीतून पुढच्या दोन पिढ्या ओढतील असा खण निघावा की सरपणाचा तुकडा, हे पुष्कळ वेळा दुकानाच्या काउंटरवर, बिटाचा एक आकडा वाचताना ठरून जाते.